नडगीवरची रेघ

माझे वडील बोटीवर होते असं सांगितलं की साताऱ्यातली माणसं लगेच विचारतात, "नेव्हीत का?" इथे घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळे गणवेशाशिवायची बोट कुणाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. मग मी सांगते, नेव्ही नव्हे, मालाची बोट. धान्य, कोळसा, खत वाहणारी. हुद्दा विचारला की सांगते, खलाशी. बहुतेकांचे प्रश्न तिथे संपतात. एकदा माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मात्र नेटाने विचारलं, "म्हणजे नक्की काय करायचे?" मी म्हटलं, "गंज खरवडायचे आणि रंग द्यायचे." त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण आबांनी खरंच आयुष्यभर तेच केलं, आणि त्यातलं एक काम त्यांना इतकं प्रिय होतं की ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

ते काम म्हणजे बोटीच्या अंगावरची पाण्याची रेघ रंगवणं. बोट बंदरात रिकामी उभी असली की फळकुटाला दोर बांधून ते कठड्याबाहेर लोंबकळायचे आणि ती रेघ पांढऱ्या रंगाने उजळवायचे. खाली पाणी, वर ऊन, हातात ब्रश. "त्या टायमाला मला क्याप्टननं जरी हाक मारली तरी मी ओ देत नव्हतो," असं म्हणायचे. ही फुशारकी होती हे आम्हाला कळायचं, पण ऐकायला बरं वाटायचं.

आमचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर. समुद्र कुठल्या कुठे. आबा कुणाच्या तरी ओळखीने तरणेपणी मुंबईला गेले, तिथून बोटीवर लागले. वर्षातला बराचसा काळ बाहेर, मग दोनेक महिने घरी. ते आले की पहिले काही दिवस मी त्यांच्याशी बोलत नसे. मला वाटायचं, हा माणूस परत जाणारच आहे, कशाला उगाच जीव लावा. मी त्यांची एकुलती एक, आणि रुसण्यात पटाईत. मग ते युक्ती करायचे. स्वयंपाकघरातून परात आणायचे, तिच्यात पाणी ओतायचे, पाण्यात वाटी सोडायचे आणि माझ्यापुढे शेंगदाण्याचा डबा ठेवायचे.

"ही बोट. भर," म्हणायचे.

मी रुसवा विसरून शेंगदाणे टाकायला लागायची. वाटी हळूहळू खाली बसायची. त्यांनी वाटीला आईच्या काजळाने एक रेघ ओढलेली असायची. पाणी तिथवर आलं की माझा हात धरायचे. "आता बास."

"आजून जागा हाय की वाटीत."

"जागा असतीच. जागा बघून भरणारं बुडत्यात."

मग मी हट्टाने आणखी मूठभर टाकायची आणि परातीला नुसता धक्का लागला तरी वाटी डचमळून तळाला जायची. आबा हसायचे. सांगायचे, बंदरात सगळं शांत असतं, तिथे कुठलीही बोट तरंगते. खरी परीक्षा पुढे, लाटांत. लाट आली तर तिला वर उसळायला अंगात थोडी ताकद शिल्लक पाहिजे. रेघेच्या वरचा जो कोरडा भाग दिसतो, तो रिकामा नसतो, ती शिल्लक असते. पूर्वी म्हणे मालक लोक बोटी वाट्टेल तशा भरायचे. बुडाली तर विम्याचे पैसे मालकाला आणि समुद्राचा तळ खलाशांना. म्हणून ती रेघ नुसती रंगाची नसते. पत्र्यावर तिची खूण कायमची ठोकलेली असते. रंग उडाला तरी खूण उडत नाही आणि कुणाला ती वर सरकवता येत नाही.

खरं तर ती एकच रेघही नसते. एक गोल, त्याच्या मधून आडवी रेघ, आणि शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आखूड रेघा. एकेक पायरी एकेका हंगामाची आणि एकेका पाण्याची. थंडीतल्या समुद्राची पायरी खाली, कारण तेव्हा समुद्र खवळलेला, भार कमी घ्यायचा. गोड्या पाण्याची पायरी वर. नदीतल्या बंदरात बोट जास्त बसते, समुद्रात गेली की खारं पाणी तिला आपोआप उचलून धरतं. हे पटवायला त्यांनी बादलीत बटाटा टाकून दाखवला होता. साध्या पाण्यात तो तळाला गेला. मग त्यांनी मिठाची बरणी जवळजवळ रिकामी केली आणि बटाटा तरंगत वर आला. आई मिठावरून दोन दिवस धुसफुसत होती. आणि या सगळ्याच्या वर, सुटी अशी, डेकची एक रेघ. ती कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "मग मोजणार कुटनं? नुस्ती खालची रेघ बघून काय कळतंय? वरचं काईतरी दिसाय पायजे."

हे सगळं मला पाठ होतं. पुढे शिक्षिका झाले तेव्हा मुलांना परात-वाटी करून दाखवायची, आणि मुलं शेंगदाणे खाऊन टाकायची.

आबा निवृत्त होऊन गावी आले. आई त्यानंतर थोडीच वर्षं होती. ती गेल्यावर मी म्हटलं, साताऱ्याला चला. तर म्हणाले, लेकीच्या दारात म्हातारपण काढायचं नसतं. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या डोक्यात हे इतकं पक्कं बसलंय की त्यावर वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मला मुलगा असता तर त्याच्याकडे गेलो असतो, असंही एकदा म्हणाले. त्या दिवशी मी फोन आपटला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन करून विचारलं, "राग गेला का अजून बंदरातच हाय?"

मग साखरेने त्यांच्या किडन्या खाल्ल्या. आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिस. शेजारी एक भाई राहतात, त्यांची रिक्षा आहे. नेणं-आणणं त्यांनी अंगावर घेतलं. पहिल्या दिवशी मी बरोबर होते. तरुण डॉक्टर समजावून सांगत होते की आता लघवी जवळजवळ बंद, तेव्हा प्यालेलं पाणी अंगातच साठणार. मशीन ते काढणार. अंगात जादा पाणी नसताना जे वजन भरेल त्याला ड्राय वेट म्हणतात.

"म्हंजी रिकाम्या बोटीचं वजन," आबा म्हणाले.

डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी बरोबर. मीठ जवळजवळ बंद झालं. पाणी मोजून. जन्मभर खाऱ्या पाण्यावर राहिलेल्या आणि नदीच्या काठी जन्मलेल्या माणसाला मीठही नाही आणि पाणीही नाही. देवाला चेष्टा करायची हौस असेल तर त्याने ती माझ्या बापावरच का करावी, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

पाणी साठायला लागलं की आधी पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि तो भरून यायला वेळ लागतो. सूज घोट्यापासून वर चढते. हे कळल्यावर आबांनी कपाटातून सहज न पुसणाऱ्या शाईचा मार्कर काढला, खाटेवर पाय पसरला आणि घोट्याच्या वर चार बोटं सोडून नडगीवर एक आडवी रेघ ओढली. बोटं माझीच वापरली. "हितपातूर चालतंय," म्हणाले. "ह्याच्या वर खड्डा पडला की समज, बोट जास्त बसली."

मी संधी साधली. म्हटलं, "मग ठरलं. खड्डा रेघेच्या वर गेला की गाव सोडायचं आणि साताऱ्याला यायचं. तिथे डायलिसिस करू. कबूल?"

ते बराच वेळ मार्करचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "कबूल."

तेव्हापासून रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. मी साताऱ्यात स्वयंपाकाला लागलेली असायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि पोळ्या लाटता लाटता बघायची. आबा अंगणात खुर्चीवर, लुंगी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली. आधी रेघेच्या खाली अंगठा दाबायचे. खड्डा. मग रेघेच्या वर दाबायचे. काही नाही. "दिसलं? रेघेच्या खाली हाय." मी म्हणायची, "दिसलं." मग इकडचं तिकडचं बोलणं. भाईंच्या नातीचं बारसं, हळदीचा भाव, कुणाच्या उसाला तोड मिळाली. अंघोळीने शाई फिकी झाली की ते रेघ पुन्हा गिरवायचे. रंगाऱ्याचा हात होता, एकदम सरळ यायची. मला त्या रेघेचा आधार वाटायला लागला होता. दिवसभरात कितीही काही झालं तरी संध्याकाळी ती जागेवर दिसली की मी दुसऱ्या दिवसाला तयार व्हायची.

आणि दिवसभरात बरंच काही व्हायला लागलं होतं. माझ्या सासूबाई अंघोळीला जाताना पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि त्या अंथरुणाला खिळल्या. नवऱ्याची नोकरी पुण्याला, तो शनिवारी रात्री येणार आणि सोमवारी पहाटे जाणार. मुलगा बारावीत. सासूबाईंना कुशीवर वळवणं, त्यांचं सगळं अंथरुणात करणं, मग शाळा, मधल्या सुट्टीत धावत घरी, परत शाळा. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. घरोघरी मातीच्या चुली. आबांना मी यातलं फारसं काही सांगतही नसे. त्यांनी विचारलं की म्हणायची, "चाललंय."

श्रावणात पाऊस लागून राहिला. साताऱ्यात असा पाऊस लागला की सांगलीकडची माणसं दोनच गोष्टी विचारत असतात, कोयनेतून किती सोडलंय आणि पुलाला किती फूट लागलंय. महाबळेश्वरात ढग फुटला की आमच्या गावाच्या पोटात गोळा येतो. आबा चेष्टेने म्हणायचे, "तू वर बसून पाणी सोडतीस आन आमी खाली बसून भोगतो." त्या आठवड्यात कृष्णा पात्राबाहेर आली. गावठाण उंचावर म्हणून घरात पाणी शिरलं नाही, पण सांगलीचा रस्ता पाण्याखाली गेला. मी काळजीने विचारलं, डायलिसिसचं काय? आबा म्हणाले, ट्रॅक्टरने वळसा घालून नेलं, जाऊन आलो. आणि पाय दाखवला. रेघ होती. खड्डा रेघेच्या खाली होता. आबांना जरा खोकला होता आणि वाक्य अर्ध्यात तुटत होतं. म्हणाले, पावसाळी हवा.

दोन-तीन दिवसांनी दुपारी शाळेत भाईंचा फोन आला. ते कधी फोन करत नसत.

"ताई, तुमी या. आबांनी सांगू नगो म्हणून आण घातलीया, पर आता ऱ्हावंना. दोन खेपा चुकल्यात. कसला ट्रॅक्टर आन कसलं काय. त्यास्नी आडवं हुता येत न्हाई, रात-रात खुर्चीत बसून ऱ्हात्यात."

मी शेजारच्या वहिनींना सासूबाईंजवळ बसवलं आणि मिळेल त्या गाडीने निघाले. कराड, इस्लामपूर, पुढे कुणाच्या जीपमधून. पाणी नुकतं ओसरलं होतं. रस्त्यावर गाळ, कुंपणांना अडकलेला पालापाचोळा, सगळीकडे तो कुजका वास. घरी पोचले तर आबा खुर्चीत, दोन उशा पाठीला, तोंडाने श्वास घेत. मला बघून त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर लुंगी खाली ओढली.

मी ती वर केली. रेघ होती. पण ती गुडघ्याच्या जवळ होती.

मी खाली बसले आणि घोट्यावर माझी चार बोटं ठेवली. बोटांच्या वरच्या कडेला कातडीवर एक फिकी जांभळी खूण होती, रॉकेलने पुसून पुसून लाल झालेली. तिच्या वर दोन बोटांवर दुसरी. तिच्या वर तिसरी. सुजून चकचकीत झालेल्या त्या पायावर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पुसलेल्या रेघांची शिडी होती. आणि तेव्हा मला कळलं की गेले कित्येक महिने त्या फोनवर मला आबांचा गुडघा दिसलाच नव्हता. सुरुवातीला दिसायचा. मग ते फोन हळूहळू जवळ धरायला लागले. नुसती नडगी, नुसती रेघ, अंगठा. वरचं काहीतरी दिसायला पाहिजे, हे मला ज्या माणसाने शिकवलं, त्यानेच मला ते दिसू दिलं नव्हतं.

मला संताप आला. भाईंनी रिक्षा दाराशी आणली. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बसवलं. सांगलीपर्यंत मी त्यांच्या छातीची घरघर ऐकत होते आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते.

फुप्फुसात पाणी गेलं होतं. दोन दिवस लागोपाठ डायलिसिस करून डॉक्टरांनी ते काढलं. तिसऱ्या दिवशी आबा उशीला टेकून बसले, रंग जरा परत आला होता, आणि मशीनच्या नळ्यांतून रक्त फिरत होतं. मी स्टूल ओढून जवळ बसले.

"कवापासनं हलवत हुता रेघ?"

"जाऊ दे की आता."

"आबा, कवापासनं?"

ते छताकडे बघत म्हणाले, "तुजी सासू पडली तवापासनं."

मी म्हटलं, "त्याचा काय संबंध?"

"आसं कसं संबंध न्हाई," ते म्हणाले. दम लागत होता, म्हणून थांबत थांबत बोलले. "तू रोज माझा पाय बगायचीस. मी तुजं त्वांड बगायचो. फोन डब्याला लावून पोळ्या लाटायचीस, त्वांड सगळं दिसायचं. लय खाली बसली हुतीस, बाळा. कडंला पानी लागलं हुतं. त्यात मी कुटं चढू?"

ट्रॅक्टरचं खोटं, रॉकेलने कातडी सोलणं, रात्र रात्र खुर्चीत बसून काढणं, हे सगळं त्या एका हिशेबापायी होतं. मला रडू आलं नाही, रागच आला. मी म्हटलं, "मी काय तुमची बोट आहे? कुणी विचारलं होतं तुम्हाला माझा भार मोजायला? मला विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं?"

"चाललंय म्हणाली आसतीस."

सिस्टर मशीन बघायला आल्या. मी उठून बाहेर गेले आणि तिथे, पाण्याच्या टाकीपाशी, चार माणसांदेखत रडले.

या वेळी त्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. अंगात बोलायची ताकद आली तसं त्यांनी एकदा म्हणून बघितलं, लेकीच्या दारात वगैरे, तर मी म्हटलं, गप्प बसा. भाईंनी त्यांचे दोन शर्ट, लुंग्या आणि आईचा फोटो पिशवीत भरून दिला. गाडी निघाली तेव्हा आबांनी नदीकडे बघितलं नाही, ते भाईंकडे बघत होते. भाई म्हणाले, "आबा, बरं हून या." दोघांनाही काय ते कळत होतं.

साताऱ्याच्या घरात आता दोन खाटा झाल्या. आतल्या खोलीत सासूबाई, बाहेरच्या खोलीत आबा. सासूबाईंना ऐकू कमी येतं आणि आबांचा आवाज बारीक झालेला, त्यामुळे दोघांचा संवाद माझ्यामार्फत चालायचा. "व्याही जेवले का," "व्याह्यांना म्हणावं जेवलो," आणि मी मधल्या दारात. नवरा शनिवारी आला की आबांची दाढी करायचा. मुलगा अभ्यासाला त्यांच्या पायथ्याशी बसायला लागला. खरं सांगते, भार वाढला असं मला एकदाही वाटलं नाही. दमत होते, पण दिवसातून दहा वेळा बाहेरच्या खोलीत डोकावून तो माणूस खाटेवर बघणं, लहानपणी कधी पुरेसा मिळाला नाही असा, हे मला हवं होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. आमच्या घरात असं बोलायची रीत नाही.

सगळ्यात अवघड होती तहान. रेघ आता माझ्या ताब्यात होती. मी नडगीवर काही काढलं नाही. मी रोज सकाळी एक छोटी बाटली भरायची, औषधाबरोबरचं, चहातलं, सगळं पाणी त्यातूनच. बाटली संपली की दिवस संपला. आबा चूळ भरायला उठले तरी मी न्हाणीच्या दाराशी उभी राहायची. "पोलिसात जायाला पायजे हुतंस," म्हणायचे. कधी बर्फाचा खडा द्यायची, तो जिभेवर फिरवत डोळे मिटून पडायचे. साताऱ्याला कास तलावाचं पाणी येतं. एकदा घोट घेऊन म्हणाले, "लय ग्वाड हाय गं तुमचं पानी." त्या घोटानंतर त्यांनी पेला परत दिला तेव्हा तो माझ्या हातात येईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत होते.

गौरी जाऊन काही दिवस झाले होते. त्या दिवशी उकडत होतं. दिवेलागणीला आबांनी हाक मारली.

"जरा पानी दे."

मी रिकामी बाटली दाखवली. "संपलं आबा. आता सकाळी. सकाळी डायलिसिस आहे, त्याच्या आधी देते."

"आर्धा पेला."

"आबा."

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. जीभ कोरडीठाक होती, मला दिसली. मी त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसले. ते म्हणाले, "बरोबर हाय तुजं." आणि कुशीवर वळले. मी बरोबरच होते. डॉक्टरांना विचारलं तर तेही सांगतील, तुम्ही योग्य तेच केलंत. नंतर त्यांनी तसं सांगितलंही. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा नाहीच म्हणेन. त्याने काही हलकं होत नाही.

सकाळी मी नेहमीप्रमाणे बाटली भरली, चहा टाकला आणि त्यांना उठवायला गेले. त्यांचा हात गार होता. झोपेतच हृदय थांबलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. चेहऱ्यावर काही नव्हतं, ना त्रास ना शांतता. नुसता आबांचा चेहरा होता.

मग घरात माणसं झाली. नवरा पुण्याहून निघाला. शेजारच्या वहिनींनी खाट हलवली, आबांना खाली घेतलं, दक्षिणोत्तर केलं. आतून सासूबाई क्षीण आवाजात विचारत होत्या, व्याही उठले का, आणि त्यांना कोणी उत्तर देईना. वहिनी कुंडीतलं तुळशीचं पान खुडून घेऊन आल्या. म्हणाल्या, "तोंडात पाणी घाला ताई. तुम्हीच घाला. तुमच्याशिवाय कोण आहे त्यांना?"

ओट्यावर सकाळी भरलेली बाटली होती. काठोकाठ. त्यातला थेंबही कमी झाला नव्हता, आबांचं त्या दिवसाचं सगळं पाणी तसंच होतं. मी ती घेऊन आले आणि त्यांच्या उशाशी बसले. तुळशीचं पान ओठांत ठेवलं. चमचा भरला आणि तोंडात घातला. ते पाणी कडेने ओघळून उशीवर गेलं. वहिनी म्हणाल्या, "आणखी घाला." मी दुसरा चमचा घातला. तोही ओघळला. त्या पुन्हा म्हणाल्या, "घाला की ताई, पोटभर घाला," आणि मग त्या एकदम गप्प झाल्या. सगळेच माझ्या हाताकडे बघत होते. मी खाली बघितलं, तर मी बाटलीचं झाकण घट्ट लावून टाकलं होतं.